सातवी गाठ आणि अरबी समुद्र

अरबी समुद्राचं गुपित मला सापडलं तेव्हा मी साताऱ्यात, भाड्याच्या खोलीत, पाय बादलीत सोडून बसले होते. एप्रिल महिना होता. त्या वर्षी ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरच्या म्हशीची सावलीसुद्धा म्हशीला सोडून झाडाखाली जाऊन बसायची. हे थोडं वाढवून सांगते आहे. माझा हात त्या बाबतीत सैल आहे. पण आकड्यांत मी कधी खोटं बोलत नाही, आणि या गोष्टीत आकडे बरेच आहेत.

माझं काम असं होतं. समुद्रात माणसाएवढी पिवळी नळकांडी सोडलेली असतात. ती दोन किलोमीटर खोल बुडी मारतात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि येता येता कुठल्या खोलीवर पाणी किती गरम, किती गार, ते टिपून घेतात. वर आली की सगळं उपग्रहाला सांगून टाकतात आणि पुन्हा बुडी. ते आकडे माझ्या लॅपटॉपवर यायचे. वरचं पाणी उन्हानं तापलेलं, तळाचं थंडगार, आणि मधे कुठेतरी एक जागा अशी की पाणी एकदम धाडकन गार होतं. ती जागा किती खोलीवर आहे, हे प्रत्येक बुडीसाठी शोधायचं. मॅडम त्याला थर्मोक्लाईन म्हणायच्या. मॅडम म्हणजे माझ्या गाईड, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या जागेवरनं माशांचं कळतं, वादळाला किती खुराक मिळणार ते कळतं, असं त्या सांगत. मला एवढंच कळत होतं की ही जागा मला सापडली तर मी बोटीवर जाणार.

कारण बोट हा या सगळ्याचा जीव होता. किनाऱ्यावरच्या एका संस्थेचं संशोधनाचं जहाज दिवाळीनंतर समुद्रात जाणार होतं आणि आमच्या कॉलेजातल्या एका, फक्त एका विद्यार्थ्याला त्यावर जागा होती. मी चार वर्षं समुद्राचा अभ्यास करत होते आणि प्रत्यक्षात समुद्र पाहिला होता शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, चपला हातात धरून, गुडघ्यापर्यंत. वाळवा तालुक्यात जन्मलेल्या माणसाला समुद्र म्हणजे उसाचा असतो. हिरवा, लाटा मारणारा, आत शिरलं की पान कापणारा. खाऱ्या पाण्याच्या समुद्रात आमच्या घराण्यातलं कुणी गुडघ्यापलीकडे अजून गेलेलं नव्हतं.

तर मी कॉम्प्युटरला एक प्रोग्राम लिहून दिला. साधा. प्रत्येक ओळीतल्या तापमानातून खालच्या ओळीतलं तापमान वजा कर, सगळ्यात मोठा फरक कुठे पडतो ते बघ, ती खोली मला सांग. त्यानं पहिल्या बुडीचं उत्तर दिलं: दोनशे मीटर. दुसरीचं, दोनशे. शंभरावीचं, दोनशे. गोव्याजवळ दोनशे, लक्षद्वीपला दोनशे, जूनमध्ये दोनशे, डिसेंबरमध्ये दोनशे.

मी बादलीतून पाय काढले आणि नाचले. अरबी समुद्राचा नियम सापडला होता! लोक आयुष्य घालवतात, आणि मला एका दुपारी! मी तशीच खाली उतरले, कंदी पेढ्यांचा मोठा पुडा घेतला आणि वाटत सुटले. कॉलेजच्या शिपायाला पेढा, ग्रंथालयात पेढा, रिक्षावाल्याला पेढा. तो म्हणाला, "लग्न जमलं वाटतं?" मी म्हटलं, "त्याहून मोठं." तो घाबरून जोरात रिक्षा चालवायला लागला.

मॅडमनी पेढा खाल्ला. हळूहळू, पूर्ण. मग चष्म्यावरून माझ्या कागदांकडे पाहिलं.

"सगळीकडे दोनशे?"

"सगळीकडे, मॅडम!"

"पावसाळ्यातही? वारा एवढा घुसळतो तेव्हाही?"

"तेव्हाही!"

"म्हणजे समुद्र कवायतीला उभा आहे. सावधान." त्यांनी हात पुसले. "अगं, ही जागा महिन्यागणिक वरखाली होते. कधी तीस मीटर, कधी शंभर. तुझं पाणी हलतच नाही. कुठेतरी चुकलं आहे तुझं. सोमवारी दुपारी मला बोटीसाठी नाव पाठवायचं आहे. तोवर चूक शोधलीस तर बघू. नाहीतर लोणंदचा मुलगा आहेच."

लोणंदचा मुलगा माझ्याच वर्गातला. मोज्यांनाही इस्त्री करणारा. मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही, पण मोजे इस्त्री करणाऱ्या माणसाला समुद्र काय कळणार?

ते झालं गुरुवारी. शुक्रवारभर मी प्रोग्राम उलटा केला, सुलटा केला, झटकला. दोनशे. संध्याकाळी लॅपटॉप, प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर सॉक्समध्ये गुंडाळून, आणि उरलेले चार पेढे घेऊन मी इस्लामपूरची एसटी धरली. चूक सापडत नसली की माणसानं घरी जावं. घरी आपल्या बाकीच्या चुका दाखवायला माणसं तयार असतात.

घरी दोन माणसं महत्त्वाची. एक आबा, म्हणजे माझे वडील. उंची पाच फूट, साखर कारखान्याच्या काट्यावर आयुष्य घालवलेलं. उसाचा ट्रॅक्टर लांबून येताना बघून ते टनावारी सांगत, आणि काटा चुकीचा दाखवायला लागला की काट्यालाच रागवत. दुसरे आण्णा, आबांचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. उंची साडेसहा फूट. मिशा धरल्या तर रुंदी जवळपास तेवढीच. एकाच आईबापाची ही दोन पोरं म्हणजे कुणीतरी एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या करताना पहिलीलाच सगळं पीठ लावलं असावं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि एकमेकांचं एक वाक्य पटत नाही.

शनिवारी सकाळी मी ओसरीवर तोंड पाडून बसले होते. आण्णांनी पेढा तोंडात टाकला.

"काय झालं गं पोरी? समिंदर आटला का काय?"

मी सगळं सांगितलं. वर गरम, खाली गार, मधे एक जागा. आण्णा ऐकता ऐकता हसायलाच लागले.

"आगं, ह्यासाठनं शिकतीस व्हय तू सातारला? आपल्या हिरीत न्हाई का ते? पाण्यात उभा ऱ्हायलो का वर ऊन, आन् पोटऱ्यांना बरफ. तुला पोहायला शिकिवलं तवा तूच बोंब ठोकली हुतीस की."

ठोकली होती. मी सहा वर्षांची असताना आण्णांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि "जय" म्हणून विहिरीत ढकललं. ती बोंब अजून कृष्णेच्या काठानं फिरते आहे असं म्हणतात. पण त्या बोंबेतही मला एक गोष्ट कळली होती. आमच्या विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत, आणि पाण्याखाली चौथ्या पायरीवर पाय टेकला की तळव्याला एकदम गार लागायचं. तिसरीवर नाही, चौथीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पैजा लावायचो, डोळे मिटून नुसत्या तळव्यावरनं पायरी ओळखायची. पायऱ्या कसलेल्या माणसानं घडवलेल्या, एकेक हातभर उंच, एकीत दुसरीत बोटाचा फरक नाही. पायरी मोजली की खोली मोजली. हे मी तेव्हा जे शिकले ते कधी विसरले नाही. पुढे कळलं की तेच नडलं होतं.

त्या सकाळी मात्र माझ्या डोक्यात वेगळाच उजेड पडला. विहिरीचं उत्तर मला माहीत आहे. चौथी पायरी. मग विहिरीचंच तापमान घ्यावं, प्रोग्रामला द्यावं. त्यानं बरोबर सांगितलं तर प्रोग्राम शहाणा आणि समुद्रच कवायतीला उभा. चुकीचं सांगितलं तर सापडला चोर!

"आण्णा, विहिरीचा ताप मोजायचाय."

आण्णा उठले, आत गेले आणि कपाटातला ताप बघायचा थर्मामीटर घेऊन आले. तो विहिरीवरनं आणलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवला, झटकला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "काय दावत न्हाई. हिरीला ताप न्हाई. चांगली ठणठणीत हाय."

"आवं तो माणसांचा हाय," आबा म्हणाले. "गार पानी त्याला कसं कळंल? पोरीनं आणलाय की तिचा."

प्रश्न होता खालचं पाणी, खाली जसं आहे तसं, वर आणायचं कसं. आणता आणता वाटेतच ते गरम झालं तर काय उपयोग? हा प्रश्न आबांनी सोडवला. आईच्या थर्मासनं. शेतावर चहा पाठवायचा तो मोठा स्टीलचा थर्मास, वर घट्ट बूच. थर्मासला खाली दोन किलोचं लोखंडी वजन बांधायचं, दोरानं सोडायचा, आणि बुचाला वेगळी सुतळी. हव्या त्या खोलीला गेला की सुतळीला हिसका. बूच निघतं, गुडगुड पाणी भरतं, वर ओढायचा. सकाळचा चहा तीन वाजेपर्यंत गरम राहतो, तर विहिरीतलं गार दोन मिनिटं राहायला काय जातं?

आई दारातनं म्हणाली, "थर्मास बुडला तर दोघंबी तितंच ऱ्हावा. वर यू नका."

आता दोर. दोराला मापाच्या गाठी हव्या होत्या. मी घाईत होते, लॅपटॉप चार्जिंगला लावत होते. नुसतं म्हटलं, "दोराला मापानं गाठी मारा, दहा-बारा." दोर लांब. आबांनी एक टोक घेतलं, आण्णांनी दुसरं, ओसरीच्या दोन कोपऱ्यांत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. कारण सकाळी सकाळीच चहात साखर किती यावरनं दोघांचं वाजलं होतं. आबा आपल्या टोकाकडनं, आण्णा आपल्या टोकाकडनं, दोघं गाठी मारत मधे येऊन भेटले. आबांच्या सहा, आण्णांच्या चार. एकमेकांकडे न बघता दोघं म्हणाले, "झालं."

मीही बघितलं नाही. मापाचं काम कुणाकडे आहे? ज्यानं तीस वर्षं काटा सांभाळला त्याच्याकडे, आणि ज्यानं तोफखान्यात अंतरं मोजली त्याच्याकडे. त्यांना मी काय विचारणार?

विहिरीवर पोचलो. आण्णा उभे राहिले ते जुन्या मोटेच्या दगडावर. पूर्वी मोट चालायची तेव्हाचा तो दगड विहिरीत पुढे आलेला आहे, असा की त्यावरनं माणूस पुढे पडो नाहीतर बाजूला, खाली पाणीच. आबा काठावर थर्मामीटर घेऊन. मी आंब्याखाली बाजेवर, कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहायला. दोराचं आबांचं टोक वर ठेवलेलं, कारण त्यांनी सांगितलं की त्यांच्या गाठी जास्त नीट आहेत. थर्मास दर वेळी वरनं मोजून पुढच्या गाठीला बांधायचा आणि सोडायचा.

वरचं पाणी तीस. पहिली गाठ, साधारण तीसच. दुसरी, थोडंसं कमी. पहिल्या नमुन्याला चहाचा वास येत होता, तो आबांनी पिऊनही बघितला आणि "साखर कमी हाय" म्हणाले. आण्णांनी ते मनाला लावून घेतलं. तिसरी गाठ, एकोणतीस पूर्णांक तीन. चौथी, सत्तावीस पूर्णांक सहा. पाचवी, सहावी करत सत्तावीस. सातवी आली आणि आबा ओरडले, "चोवीस पूर्णांक आठ!" मग आठवी, नववी हळूहळू आणखी गार.

दहाव्या गाठीला बूच निघेना. एवढ्या खोलीला पाण्यानं ते दाबून धरलं होतं. आण्णांनी हिसका दिला, नाही. दोन हिसके, नाही.

"आवं आण्णा, जरा बेतानं," आबा म्हणाले.

"तू गप. म्या रणगाड्याची साखळी ओढलीया."

आण्णांनी सुतळी मनगटाला गुंडाळली, मिशीला पीळ दिला, पाय रोवले आणि ओढली. सुतळी तुटली. पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मलाही पटलं नसतं. साडेसहा फूट सुभेदार मोटेच्या दगडावरनं सरळ हवेत गेले, मिशा पंखासारख्या पसरल्या, क्षणभर वर थांबले, जणू हुकमाची वाट बघत होते, आणि मग पाण्यात असे आदळले की विहिरीतलं पाणी काठावर आलं आणि आबांना अंघोळ घालून परत गेलं. आंब्यावरच्या कैऱ्या पडल्या. दोन-तीन. बरं, एक पडली.

"आण्णा!" मी धावले.

खालनं आवाज आला, "लय झ्याक वाटतंय!"

आणि ते वर येईनात. उन्हाळ्यात दुपारी विहिरीत पडलेला माणूस वर यायला वेडा आहे का? ते पाण्यात उभेच्या उभे, हात पसरून तरंगत राहिले. थर्मास दोराला खाली लटकत होता, दोराचं वरचं टोक आबांनी पायानं दाबून धरलेलं. मी म्हटलं नऊ गाठी पुरे. आकडे लॅपटॉपला घातले, प्रोग्राम चालवला.

उत्तर आलं: सातवी गाठ.

"काय म्हणतंय तुझं यंतर?" खालनं आण्णा.

"सातवी गाठ, आण्णा. सहावी आणि सातवीच्या मधे पाणी सगळ्यात जोरात गार होतंय."

"खुळं हाय ते! आगं मी उभा हाय की पाण्यात. छातीला ऊन, मांडीला ऊन, पोटऱ्यांना बरफ. पोटऱ्या सोडून दुसरीकडं कुठं असंल?"

"आवं पर आकडं आल्यात," आबा वरनं म्हणाले. "गाठी खोट्या बोलत्यात व्हय? सहावी ते सातवी, दोन अंशाच्या वर उतार हाय. तुमच्या पोटऱ्यांला काय कळतंय?"

"माझ्या पोटऱ्या कारगिलच्या बरफात हुत्या रं! त्यांला गार कळतंय!" आण्णांनी दोर धरला आणि हातानं चाचपायला लागले. "ही पहिली गाठ. ही दुसरी, छातीला. तिसरी, मांडीला. चौथी, ही बघ, पोटरीला. हितंच गार हाय. आता पाचवी, सहावी..." एक मोठा श्वास, बुडी. पाण्यावर बुडबुडे. आण्णा वर आले, मिशा गळत होत्या. "सातवी कुठं हाय?"

"सहावीच्या खाली."

"न्हाई! म्या एवढा मोठा मानूस खाली गेलो, सातवी हाताला लागंना. तुझ्या गाठी सुटल्या."

"सातवी माझी न्हवंच! ती तुमची हाय!"

"मग तर सुटायची न्हाईच," आण्णा म्हणाले आणि पुन्हा बुडी. या वेळी बराच वेळ. वर आले ते डोळे मोठे करून. "हाय. पर लय खाली हाय. सहावीपास्नं पार एक परस खाली."

"परस?" आबा म्हणाले. "परसाचा काय संबंध?"

"परसानंच मापली की. हीर कशानं मापत्यात? परसानं! एक उभा मानूस म्हंजी एक परस. दोराला दोन्ही हात पसरले की झाला परस."

आबांचा चेहरा मी तसा फक्त एकदा पाहिला आहे, कारखान्यात काट्यावर ट्रॅक्टरसकट म्हैस चढली होती तेव्हा. "आवं, दोर कवा परसानं मापत्यात? दोर हातानं मापत्यात! कोपरापास्नं बोटापत्तूर, एक हात. म्या हातानं मारल्या."

खाली आण्णांनी दोर पुन्हा चाचपला. वर आबांनी आपलं कोपर चाचपलं.

"म्हंजी," खालनं हळू आवाज, "वरच्या सहा गाठी हाता-हातावर..."

"आन् खालच्या चार परसावर," वरनं आबा.

आणि मग दोघं एकदम पेटले. "दोराला परस लावणारा मानूस फौजेत घेतलाच कसा?" "हिरीत हात लावतूस? हीर काय लुगडं हाय?" माझं लक्ष नव्हतं. मी कॅलेंडरच्या पाठीकडे बघत होते आणि माझ्या अंगावर एप्रिलच्या उन्हात काटा उभा राहिला होता.

चौथ्या गाठीला एका हातात पावणेदोन अंश. सातव्या गाठीला सव्वादोन अंश, पण एका परसात! म्हणजे चौपट लांबीत! जिना उतरताना सहा पायऱ्या नेहमीच्या आणि सातवी माणसाएवढी उंच असेल तर सातव्या पायरीला सगळ्यात जास्त खाली जाणारच. त्यानं जिना तिथं तीव्र होत नाही. पायरीच मोठी आहे! मी फरक बघत होते. तो फरक किती अंतरात पडला हे बघतच नव्हते. माझ्या डोक्यातल्या सगळ्या पायऱ्या सारख्या होत्या, आमच्या विहिरीसारख्या. मी समुद्रालाही तोच कसलेला कारागीर लावून दिला होता.

मी समुद्राची फाईल उघडली. आणि आयुष्यात पहिल्यांदा खोलीचा रकाना वरनं खाली वाचला. पाच, दहा, पंधरा, वीस, पाच-पाच मीटरनं उतरत उतरत... दीडशे. आणि दीडशेच्या खाली? एकदम दोनशे! अडीचशे! वर हातानं मोजलं होतं, खाली परसानं! नळकांड्यात कुणी आबा आणि कुणी आण्णा बसले होते आणि दीडशे मीटरवर पाठीला पाठ लावून भेटले होते!

मी किंचाळले. नेमकं काय किंचाळले ते आठवत नाही, आई सांगते "परस, परस" असं काहीतरी. मग मी लॅपटॉप बाजेवर ठेवला, नीट, कारण कितीही आनंद झाला तरी लॅपटॉप तो लॅपटॉप, आणि ओढणीसकट विहिरीत उडी मारली.

पाण्याखाली डोळे मिटून पायरी शोधली. तळवा टेकला. गार. चौथी.

वर आले तर आण्णा आबांना म्हणत होते, "बगितलंस? तुझ्या मापापायी पोरगीनं जीव दिला असता!"

"माझ्या न्हवं, तुमच्या!"

"दोघांच्या, आण्णा," मी म्हटलं आणि त्यांच्या मिशीचा मुका घेतला. आजवर तिथं कुणी ओठ लावायचं धाडस केलं नव्हतं.

ओल्या कपड्यांनी बाजेवर बसून मी प्रोग्रामात एक ओळ घातली. एक भागाकार. फरकाला अंतरानं भागायचं, बस. आधी विहिरीचे आकडे दिले: चौथी गाठ. आण्णांनी खालनं पोटरी पाण्याबाहेर काढून सगळ्या शिवाराला दाखवली. मग समुद्र दिला. आणि समुद्र हलला! पहिल्या बुडीला पंचेचाळीस, दुसरीला साठ, पावसाळ्यात वाऱ्यानं घुसळलं की खाली, वारा पडून ऊन तापलं की वर. ओळीमागून ओळ, वर-खाली, वर-खाली, जणू कुणीतरी झोपलेल्या मोठ्या जनावराचं पोट बघतंय. दोन दिवस मी त्या जनावराला मेलेलं समजत होते. दुपारी जेवायच्या आधी मॅडमना सगळं पाठवून दिलं. जेवताना भाताचं पहिलं शीत ते शेवटचं शीत मी हसत होते, आणि आई म्हणाली, "ऊन लागलंय हिला. कांदा लावा."

थर्मास वर आला. दहाव्या गाठीवर बूच तसंच घट्ट. आईनं उघडून बघितला, हुंगला, आणि त्या रविवारी सकाळचा चहा त्यातच दिला.

रविवारी मॅडमचा फोन आला.

"दोनशे कुठे गेले?"

"विहिरीत पडले, मॅडम."

त्यांनी ते तसंच सोडून दिलं. त्यांना माझी सवय आहे. "किती बदललंस?"

"एक भागाकार."

"हं." कागद उलटल्याचा आवाज. "लोणंदच्या मुलाला काल विचारलं. त्याचेही सगळे दोनशे आले आहेत. म्हणाला, प्रोग्राम तुझ्याकडूनच घेतला होता."

घेतला होता खरा. इस्त्रीच्या मोज्यांनी येऊन, पेनड्राइव्ह रुमालात घेऊन.

"चूक दोघांची एकच," मॅडम म्हणाल्या. "सापडली एकीला. नाव पाठवते मी तुझं. पण एक सांग, हे तुझ्या लक्षात आलं कसं?"

मी सगळं सांगितलं, हात, परस, थर्मास, मिशा. त्या इतक्या हसल्या की साताऱ्यात चष्मा पडल्याचा आवाज मी इस्लामपूरला ऐकला.

दिवाळीनंतर मी बोटीवर गेले. पहिले दोन दिवस मी समुद्रात नव्हते, बादलीत होते. त्याबद्दल बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी पोलादी दोरावरनं यंत्र खाली सोडलं आणि पडद्यावर तापमानाची रेघ उतरायला लागली. सरळ, सरळ, सरळ. मी नकळत सलवार वर केली आणि उघड्या पोटऱ्यांनी, गार लोखंडी डेकवर, श्वास रोखून उभी राहिले. रेघ एकदम वाकली, घसरली, कोसळली. "लागलं!" मी ओरडले, आणि तीन खलाशी पट्ट्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं पाय कापला. मी त्यांना गावाकडचा लाडू दिला. पेढे आधीच संपले होते.

घरी परत आले तेव्हा दोघं ओसरीवर होते, एकाच पाटावर, पाठीला पाठ लावून. त्यांच्यामधे तो दोर पडला होता. नव्यानं मारायच्या म्हणून सगळ्या गाठी सोडलेला, कारण समुद्रावर जाताना मी तो न्यावा असं दोघांचं मत होतं. मी नेला नाही तो गाठी कुणाच्या मापानं मारायच्या हे माझी एसटी सुटेपर्यंत ठरलं नाही म्हणून.

आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लागलं गार?"

"लागलं, आण्णा. पोटऱ्यांनाच."

"किती खाली?"

"पंचावन्न."

आबा वळले. तीस वर्षांचा काटा डोळ्यांत घेऊन त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कुनाच्या हातानं?"